कोठीचं दार आणि कारभाऱ्यांचा ऑइलपेंट

नाव कारभारी ठेवलं म्हणून माणसाला कारभार येतोच असं नाही. पण हे त्या माणसाला सांगायचं कोणी? साळूबाईंनी लग्न झाल्या झाल्या एकदोनदा सांगून पाहिलं होतं. मग पोळ्या लाटायच्या होत्या, पोर सांभाळायचं होतं, राहून गेलं.

कारभारी एका सरकारी कचेरीत कारकून होते. शिक्का मारावा तर त्यांनीच, अगदी सरळ आणि ठसठशीत. पण हातात हातोडी दिली की खिळा वाकायचा, भिंत फुटायची आणि अंगठा काळानिळा व्हायचा, तेही एकाच घावात. घरातला दिवा बदलायचा झाला तर साळूबाई स्टुलावर चढायच्या आणि कारभारी खालून "सांभाळून, सांभाळून" म्हणायचे. हे काम मात्र त्यांनी नोकरीभर चोख केलं, एक दिवस खाडा नाही.

मग ते निवृत्त झाले. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकानं, अमोलनं, बापाचा वेळ जावा म्हणून त्यांना मोठा मोबाइल घेऊन दिला. बापाचा वेळ छान गेला. घराची वेळ भरली.

घर पेठ रोडवरचं. साळूबाईंचे सासरे सायखेड्याहून नाशकात आले तेव्हा त्यांनी बांधलेलं. तीन खोल्या, मागं धान्याची कोठी, पुढं ओटा, वर अर्धा स्लॅब नि अर्धे पत्रे. भिंतींना दर दिवाळीला चुना देऊन देऊन खोल्या आतून लहान होत चालल्या असाव्यात, असं साळूबाईंना वाटे. तरी घर त्यांचं होतं, आणि त्या घरात घराण्याच्या गौरी बसत. पितळी मुखवट्यांच्या, उभ्या, दोन. वर्षभर मुखवटे कोठीतल्या पेटीत मऊ कापडात झोपायचे आणि भाद्रपदात उठून तीन दिवस माहेरपण करून घ्यायचे. सगळे भाऊबंद त्या तीन दिवसांत या घरी यायचे. एरवी साळूबाईंना कोण विचारतं? पण गौरींच्या तीन दिवसांत "साळूबाई, हे कुठं ठेवू, साळूबाई, ते कधी करू" असं चालायचं. बाईला आणखी काय पाहिजे?

गेल्या साली आरती ऐन रंगात आली आणि छतातून एक थेंब पडला तो थोरल्या गौरीच्या नाकावर. दुसरा पडला तो झुंबरआत्यांच्या चष्म्यावर. झुंबरआत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण, सायखेड्याला असतात, आणि घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी चष्मा पुसला. बोलली ती साळूबाईंची जाऊ रंजना.

"ताई, देवीला सर्दी व्हायची हो."

सगळे हसले. साळूबाईही हसल्या, पण नुसत्या दातांनी.

ही रंजना माहेरची रंगूबाई. गंगापूर रोडला सातव्या मजल्यावर राहायला गेली आणि लिफ्टमध्येच कुठंतरी तिची रंजना झाली. तिचा नवरा रविराज, कारभाऱ्यांचा धाकटा भाऊ, स्वभावानं गरीब. निघताना तोच चपला घालत म्हणाला, "वहिनी, पुढच्या साली घर नीट झालं तर ठीक. नाहीतर गौरी आमच्याकडं बसवू. हॉल मोठा आहे, तुमचेही हाल नकोत."

हाल नकोत म्हणे! घराण्याची रीत अशी की गौरी एकदा ज्या घरी गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. झुंबरआत्या म्हणायच्या, "गौरी म्हंजी काय लग्नातली भाड्याची पातेली हाय का, नेली अन् आणली?" म्हणजे एकदा सातव्या मजल्यावर चढल्या की संपलं. मग साळूबाईंनी पाहुण्यासारखं जायचं, सोफ्याच्या कडेला बसायचं आणि "वा, छान केलंय हं" म्हणायचं.

साळूबाईंनी ठरवलं, पावसाळ्याआधी गवंडी लावून स्लॅब नीट करायचा आणि रंगाऱ्याकडून चुना मारून घ्यायचा. गवंडी आलाही. त्यानं वर पाहिलं, मान हलवली, चहा घेतला. चहा संपताच कारभाऱ्यांनी त्याला रस्ता दाखवला.

"मी करतो," ते म्हणाले.

"काय करता?"

"सगळं. यात काही नसतं गं. हे बघ."

मोबाइलमध्ये एक गोरागोमटा बुवा शिट्टी वाजवत अख्खं घर दहा मिनिटांत दुरुस्त करत होता. कपड्याला डाग नाही, कपाळाला घाम नाही.

"याच्या घरात बायको दिसत नाही कुठं," साळूबाई म्हणाल्या.

"तिचा काय संबंध?"

"पसारा कोण आवरतंय ते बघत होते."

उन्हाळाभर कारभाऱ्यांनी अभ्यास केला. अभ्यास पुरा झाला आणि आषाढ लागला. चौकातल्या अन्सारभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांना खुर्ची राखून ठेवलेली असायची. "आइये कारभारीसाब, बैठिये." एवढा मान त्यांना सासुरवाडीत कधी मिळाला नाही, आणि मिळण्यासारखं त्यांनी तिथं काही केलंही नव्हतं. ड्रिल आलं, करवत आली, चार जातीचे पाने आले, पोपटी हातमोजे आले. मोजे घालून ते आरशासमोर उभे राहिले. मुंजीतला बटूसुद्धा पहिल्या दिवशी असाच दिसतो.

पहिलं काम गळतीचं. भर पावसात छत्री धरून कारभाऱ्यांनी स्लॅबला डांबर फासलं. थोडं स्लॅबला लागलं, बाकीचं छत्रीला. गौरींच्या कोपऱ्यातली गळती खरंच थांबली. त्या आनंदात साळूबाईंनी शिरा केला. दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांच्या पलंगावर, बरोब्बर उशीवर, थेंब पडायला लागला. गळती बंद झाली नव्हती, तिची बदली झाली होती. नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार?

दुसरं काम मोरीचं. जुनी फरशी खडबडीत होती, पण पाणी आपल्या पायानं कोपऱ्यातल्या भोकाकडं जायचं. कारभाऱ्यांना ती वाकडी दिसली. त्यांनी ती उखडली, नवीन टाइल बसवल्या, आणि सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी ठेवून ठेवून त्या अशा सपाट केल्या की बुडबुडा मधोमध येऊन झोपी गेला.

"बघ, सूतभर फरक नाही!"

खरंच नव्हता. म्हणून पाणीही सूतभर हलेना. आंघोळीनंतर साळूबाई खराटा घेऊन पाण्याला वाट दाखवत बसायच्या. वळायच्या तोवर पाणी परत यायचं.

तिसरं काम भिंतींचं. जुना चुना खरवडायला हवा होता, पण त्या गोऱ्या बुवाच्या घरी चुना नव्हता, त्यामुळं तो त्याबद्दल काही बोलला नव्हता. कारभाऱ्यांनी चुन्यावरच मोतिया रंगाचा प्लॅस्टिक पेंट चढवला. दोन दिवस घर लग्नघरासारखं दिसलं. तिसऱ्या दिवशी भिंतींना उडदाच्या पापडासारखे फुगे आले, आणि हात लावला की पापड हातात यायला लागला.

"टेक्श्चर आहे ते," कारभारी म्हणाले. "पुण्यात लोक मुद्दाम करून घेतात."

"मग पाठवा सोलून पुण्याला," साळूबाई म्हणाल्या.

बोलायला तोंड होतं म्हणून बोलत होत्या, पण आत धसका होता. श्रावण सरत आला. रविराज घर बघायला म्हणून आला. मोरीत पाय धुवायला गेला तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. भिंतीला टेकला तर पाठीवर मोतिया रंगाचा पापड चिकटला. त्यानं भावाचं मन राखायला म्हणून पापड न झटकताच चहा घेतला, आणि मग हळूच म्हणाला, "दादा, राहू दे आता. यंदा आमच्याकडंच बसवू. रविवारी आत्याला सायखेड्याहून घेऊन येतो. मुखवटे तिच्याच हातानं उठवू."

कारभारी आपल्या हातांकडं बघत बसले. साळूबाईंना वाटलं, आता तोंड सोडावं, काय काय ऐकवावं. पण त्या माणसाचे खांदे असे पडले होते की शिव्यासुद्धा कुठं ठेवायच्या ते समजेना.

शुक्रवारी कारभाऱ्यांनी कोणाला न विचारता कोठीच्या दाराला रंग लावायला घेतला. चॉकलेटी ऑइलपेंट. देवी निघणारच आहेत तर निदान त्यांच्या खोलीचं दार तरी चांगलं दिसू दे, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. रंग त्यांनी दाराच्या कडांना दिला, चौकटीला दिला, फटीत ओतला म्हणा ना. आणि ओल्या रंगावर पेठ रोडची धूळ बसू नये म्हणून दार ओढून घट्ट लावून घेतलं.

शनिवारी सकाळी साळूबाई चिंच घेऊन कोठीकडं गेल्या. मुखवटे जायचे तर जाऊ देत, पण घासूनपुसून लखलखीत जाऊ देत. जावेनं नाक मुरडायला नको. त्यांनी दार ओढलं, ढकललं, पाय लावला. दार जागचं हलेना. पावसानं फुगलेलं लाकूड आणि वर खळीसारखा सुकलेला रंग. कारभारी मोरीत आंघोळ करत होते, म्हणजे डबक्यात उभे होते.

हे दार पूर्वीही पावसाळ्यात अडायचं. साळूबाईंनी स्वयंपाकघरातून पातळ पात्याचं उलथणं आणलं, खालच्या फटीत सरकवलं आणि वर ओढत नेलं. रंगाची साय टरकन फाटली. दार बोटभर आत गेलं. आणखी एक हिसका दिला की उघडलं असतं.

साळूबाई थांबल्या.

आतून कोठीचा वास आला. तांदूळ, कापूर, जुनं कापड. त्या तशाच उलथणं धरून उभ्या राहिल्या. दार उघडलं तर उद्या पेटी निघणार. पेटी निघाली तर परत येणार नाही. आणि नाहीच उघडलं तर?

त्यांनी उलथणं काढलं. दाराची कडी दोन्ही हातांनी धरली, टाचा रोवल्या आणि जोर करून दार परत घट्ट ओढून बसवलं. मग शेजारी डब्यात बुडवून ठेवलेला ब्रश उचलला आणि फाटलेल्या सायीवर वरपासून खालपर्यंत एक हात फिरवला. नवऱ्याच्या कामाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा हातभार लावला. हात सुरेख बसला, हेही इथं सांगायला हवं.

रविवारी गाडी दारात आली. झुंबरआत्या काठी टेकत उतरल्या. रंजना नवी कोरी शाल घेऊन आली होती, मुखवटे गुंडाळून न्यायला. चहापाणी झालं, आत्यांनी हळदीकुंकू हातात घेतलं आणि सगळे कोठीपाशी गेले.

रविराजनं दार ढकललं. मग खांदा लावला. खांदा चॉकलेटी झाला, दार होतं तिथंच.

"दादा, कुलूप आहे का?"

"नाही रे. रंग दिलाय. बसलं असेल जरा. थांब, दोन मिनिटं." कारभारी पळत जाऊन ड्रिल घेऊन आले, मोजे घालून. "कडीपाशी भोक पाडतो, त्यातनं करवत घालतो, म्हणजे वरची फळी—"

झुंबरआत्यांची काठी दारावर आडवी पडली.

"ठेव ते मशीन खाली! आत लेकी बसल्यात अन् तू दाराला भोक पाडतो?"

"मग त्यांना काढायचं कसं, आत्या?"

"काढायचं ते नंतर बघू. आधी सांग, दार लावलं कुणी?"

"मीच. म्हणजे रंगामुळं—"

"कारभारी, तू आजवर एक तरी काम घट्ट केलं का रं?"

कारभाऱ्यांनी ड्रिल खाली घेतलं.

"छत केलं, ते गळतंय. मोरी केली, तिथं म्हैस डुंबंल. भिंती केल्या, त्या सोलून निघाल्या. मंग हे दारच येवढं पक्कं कसं झालं?"

आता यावर कारभाऱ्यांनी काय बोलावं? काम माझंच पक्कं म्हणावं तर आत्या खोटं म्हणणार. नाही म्हणावं तर जन्मात एकदा जमलेलं कामही हातचं जायचं. त्यांनी ड्रिल पाठीमागं धरलं आणि छताकडं पाहिलं.

"आत्याबाई," रंजना म्हणाली, "ऑइलपेंट आहे हो तो. पावसात दारं फुगतातच."

"फुगलं ते मला बी दिसतंय. मोतीबिंदू काढलाय माझा. पण फुगवलं कुणी ते सांग!" आत्यांनी कुंकवाची बोटं दाराला टेकवली. ती चिकटली, कारण साळूबाईंचा हात अजून पुरता सुकला नव्हता. आत्यांनी बोटं सोडवली, बघितली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "धरून ठेवतीय बघा मला! पोरींनी आतून दार लावून घेतलंय. त्यांना जायचं नाय. रवी, गाडी रिकामी ने."

रविराजनं सुटल्यासारखा श्वास टाकला. देवीनं निकाल दिला की भावाभावांत वाईटपणा येत नाही. कारभारी मोजे काढत होते. साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, गहिवरल्या.

"चहा टाकते," म्हणून त्या घाईनं स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग रंजना आली. कप काढता काढता तिनं मांडणीवरचं उलथणं उचललं आणि उजेडाकडं धरलं. पात्याच्या कडेला चॉकलेटी रेघ होती.

"ताई, यंदा पुरणपोळी चॉकलेटची करणार का?"

साळूबाईंनी हातातला साखरेचा डबा खाली ठेवला.

"या दाराला दर पावसाळ्यात आपण दोघीच उलथणं घालायचो," रंजना म्हणाली. "मी ओढायचे, तुम्ही ढकलायच्या. विसरलात होय?"

"मग बाहेर का नाही बोललीस?"

"आत्याबाईंसमोर? आणि दादांचं तोंड बघितलंत का? बिचाऱ्यांचं एक काम तरी देवीच्या नावावर पास झालं." तिनं उलथणं धुवायला घेतलं. नळ सोडून पाठमोरीच म्हणाली, "मला हॉल दाखवायचा नव्हता ताई. तुम्हाला तेच वाटलं असणार."

साळूबाईंना तेच वाटलं होतं. वर्षभर त्या त्याच रागावर तर जगल्या होत्या.

"लग्न होऊन आले तेव्हापासून मी सोळा भाज्या चिरतेय. गौरींना साडी मात्र तुम्हीच नेसवता. मी काय, टाचण्यांची डबी धरून उभी. एकदा विचारलं होतं, तर म्हणालात, तुझ्या निऱ्या ढिल्या पडतात. म्हटलं, माझ्या घरी आल्या तर कोण अडवतंय. ढिल्या तर ढिल्या."

चहा उतू गेला. दोघींपैकी कोणी गॅस बंद करायला हात पुढं केला नाही. साळूबाईंना आता खरं तर रंजनाचा राग यायला हवा होता, आणि तो वेळेवर सापडत नव्हता.

"छत गळतं म्हणून नाही तर?" त्यांनी विचारलं.

"छत मी इथं होते तेव्हाही गळायचं."

बाहेर कारभारी आत्यांना समजावून सांगत होते की ऑइलपेंट देताना कडा कशा भराव्या लागतात.

"रंगू," साळूबाई म्हणाल्या. पुष्कळ वर्षांनी म्हणाल्या. "यंदा तू नेसव."

"दोन्ही?"

साळूबाईंनी आधी गॅस बंद केला. मग ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

गौरींच्या दिवशी रंजना उजाडताच आली. आत्या यायच्या आत दोघींनी कोठीच्या दाराचं काय ते करून ठेवलं. मग आत्यांनी दारासमोर निरांजन ओवाळलं, "या गं लेकींनो" म्हणत बोटानं ढकललं, आणि दार लोण्यासारखं उघडलं. आत्यांनी कारभाऱ्यांना बाजूला सारून देवीला नमस्कार केला. रविराजनं स्लॅबवर ताडपत्री बांधून घेतली होती, त्यामुळं थेंब कुणाच्याच नाकावर पडणार नव्हता. भिंतींचे पापड झाकायला भाऊबंदांच्या बायकांनी घरोघरच्या पैठण्या आणि शालू टांगले. आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, काय सजवलंय घर! कारभारी प्रत्येकाला म्हणाले, "पुढल्या साली पत्र्याचं काम घेतोय." साळूबाईंनी ते ऐकलं आणि गवंड्याचा नंबर रविराजकडं देऊन ठेवला.

माजघरात रंजना थोरल्या गौरीला हिरवी साडी नेसवत होती. साळूबाई टाचण्यांची डबी धरून उभ्या होत्या. हात सारखे पुढं जात होते, म्हणून त्यांनी डबी दोन्ही हातांनी धरली.

"काठ जरासा वर—"

"ताई."

"मी कुठं काय म्हणाले? टाचणी हवी का विचारत होते."

"नको."

रंजनानं निऱ्या घेतल्या, एक एक बोटांवर मोजून, वरून दाबत, खाली सोडत. निऱ्या सरळ पडल्या. पदर खांद्यावरून असा उतरला की गौर आत्ता पाऊल टाकेल. साळूबाईंनी वरून बघितलं, खालून बघितलं, मागून फिरून आल्या. खोड काही सापडेना.

"बरी दिसतीय," त्या म्हणाल्या.

रंजना गुडघ्यावर बसल्या बसल्या वळली. "बरी?"

"चांगली दिसतीय गं बाई, चांगली! आता धाकटीला घे, आवाहनाची वेळ टळेल. आणि ही घे टाचणी. लागणारच आहे."